तळ्यात सोडलेला दिवा

राजापेठेतले महादेवराव भटजी म्हणजे मुहूर्ताच्या आधी हजर राहणारा माणूस. पण आज संध्याकाळचा सत्यनारायण दुसऱ्या गुरुजींच्या गळ्यात मारून हे गृहस्थ मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसले होते, आणि तेही गेम खेळत! त्यांच्या बायकोने, सीमाताईंनी, शेजारी चहा ठेवला.

अकरा दिवस झाले, पुण्याहून ईशानचा फोन नव्हता. पोराने नोकरी सोडली म्हणून सांगितलं आणि बापाचं टाळकं सटकलं. "माझ्या घराची पायरी चढू नको!" झालं. तेव्हापासून फोन बंद, मित्रांनाही पत्ता नाही. महादेवरावांच्या मनात नको नको ते येत होतं.

लॉकडाऊनमध्ये ह्याच पोराने बापाला हा गेम शिकवला होता. त्यात दूर डोंगरात एक तळं होतं, आणि ईशान रुसला की तिथे जाऊन बसायचा. वाटेत अंधारी गुहा. हातात दिवा असला तरच पुढचं दिसायचं. महादेवराव दोनदा दरीत पडले, तिसऱ्यांदा पोचले.

आणि पाहतात तर काय, काठावर हिरव्या टोपीचा तिरंदाज बसलेला. ईशानचाच!

"ईशान, मी बाबा." त्यांनी गेममधल्या चॅटवर लिहिलं. "जेवला का रे?" दहा मिनिटं झाली, तिरंदाज हलेना. तिकडे गेम नुसताच चालू राहिला असेल आणि पोरगं...?

त्रिपुरी पौर्णिमा होती. समोर पाणी, हातात दिवा, आणि चाळीस वर्षांची सवय. पोराचं नाव घेऊन त्यांनी दिवा पाण्यात सोडला. तो तरंगतो कुठला, थेट बुडाला. अरे देवा! परतायची वाटच गेली की!

"दिवा सोडला रे तुझ्या नावाने. आता येऊ कसा मी?"

मग तिरंदाज उठला आणि गुहेकडे चालू लागला. निघाला वाटतं! पण तो गुहेच्या तोंडाशी थांबला आणि त्याने आपला दिवा लावला.

"काहून सोडला, बाबा? या माझ्या मागून. सावकाश, डावीकडे दरी आहे."

"अहो, बोलून राहिला तो!" म्हणत सीमाताईंनी डोळ्याला पदर लावला.

"घरी कधी येतोस?" महादेवरावांनी लिहिलं.

"तुम्हीच पायरी चढू नको म्हटलं."

चष्मा ओला झाला, बटणं दिसेनात. तरी एकेक अक्षर हुडकत त्यांनी लिहिलं, "नको चढू. मीच खाली उतरून उभा राहतो."