मावशी, जरा बाजूला व्हा

कळंबला हायवेच्या कडेला माझं फोटोचं दुकान आहे. लग्नाचे फोटो काढायला लागून पंधरा वर्षं झाली. सुरुवातीला जुन्नर-आंबेगावात बाई फोटोग्राफर म्हटलं की लोक हसायचे. एका लग्नात तर एकानं माझ्यादेखत माझ्या नवऱ्याला विचारलं, "पावणं, ह्यांना क्यामेरा उचलतो का?" नवरा म्हणाला, "घरात मला उचलून धरलंय तिनं, क्यामेऱ्याचं काय घेऊन बसलात राव." नंतर तेच लोक मला बोलवायला लागले. हळद, बांगड्या भरणं, नवरीची तयारी, तिथं बायकांना बाईच बरी वाटते.

माझे वडील मेंढरं राखायचे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. एसटीनं मंचरला जाऊन-येऊन मिळवलेली. ती मी दुकानात दर्शनी भिंतीवर फ्रेम करून लावली आहे. कुणी म्हणतं, फोटोच्या दुकानात सर्टिफिकेट कशाला? म्हणते, असू द्या. मला अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

कामाची माझी एक पद्धत आहे. हळदीच्या दिवशी मी तास-दीड तास आधी नवरीच्या घरी जाते, वही काढते आणि घरातल्या कर्त्या बाईला समोर बसवते. कोण कोण फोटोत पाहिजेच ते विचारून घेते. रुसणारा मामा कोणता, कोणत्या दोन जावांना शेजारी उभं करायचं नाही, तेही लिहून घेते. यादीतलं माणूस सुटत नाही आणि यादीबाहेरचं मध्ये येत नाही. फोटो काढून झाले की त्याच दिवशी खराब निघालेले पुसून टाकते. डोळे मिटलेले, हललेले, कुणाचा हात मध्ये आलेले. भावकीत फोटोवरून वर्षानुवर्षं अबोले चालतात. माझ्या हातून एकही अबोला झालेला नाही, असं मी कुणालाही ठासून सांगायचे.

निमगाव साव्याच्या एका लग्नघरी यादी सांगायला नवरीची चुलती बसली होती. बाई हुशार, तोंडानं फटकळ. साठेक नावं तिनं न अडखळता सांगितली. मी वही मिटायच्या आधी वाचून दाखवली. नवरीच्या आईचं नाव त्यात नव्हतं. नवरीचे वडील वारले होते हे मला ठाऊक होतं. कन्यादान चुलता-चुलतीच करणार होते. मी विचारलं, "आणि नवरीची आई?"

"ती हाये की आत. लई काम हाये तिला," चुलती म्हणाली.

मी वही पिशवीत टाकली.

हळद अंगणात होती. नवरी पाटावर बसलेली, पाच सुवासिनी आंब्याची पानं हळदीत बुडवून तिच्या पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला लावत होत्या. मी जवळून फोटो काढत होते आणि दुसरा कॅमेरा स्टँडवर व्हिडिओसाठी चालू ठेवला होता. चौथीची पाळी चालली असताना दारातून नवरीची आई बाहेर आली. फिकट निळं लुगडं, डोक्यावर पदर. कुणाला काही न बोलता ती पोरीच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. चुलतीनं आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

मी म्हणाले, "मावशी, जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

ती कोण आहे हे मला पुरतं माहीत होतं. ते कशाला लपवू? शकुन-अपशकुन मी मानत नाही, कॉलेजात असताना त्यावर भाषण करून मी बक्षीसही घेतलं आहे. चुलतीला जे बोलायचं होतं ते तिला बोलावं लागलं नाही, कारण माझ्याकडे त्यासाठी चांगला शिकलेला शब्द होता. फ्रेम.

"व्हय व्हय," म्हणत आई बाजूला झाली. लग्नात ती मला पुन्हा दिसली नाही. मी शोधलंही नाही.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती मुलगी दुकानात आली. सासरहून एकटीच. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ताई, आई गेली माझी." कांदा काढताना छातीत दुखायला लागलं, मंचरला पोचेस्तोवर सगळं संपलं. मी पाणी दिलं. ते तिनं हातातच धरून ठेवलं.

"फोटोसाठी आलीये. दहाव्याला आधार कार्डावरचा मोठा करून लावला व्हता. त्यात ती रागावल्यासारखी दिसती. आई एवढी कधी रागवायची न्हाई ओ. लग्नातला एखादा द्या. अल्बममध्ये मी तीनदा बघितलं, सापडला न्हाई. पण तुमच्याकडं तर सगळे असतात ना?"

"परवा ये," मी म्हणाले.

सुमारे चार हजार फोटो होते. एकेक उघडून पाहिला. स्टेजवर ती नव्हती, पंगतीत नव्हती, पाठवणीच्या गर्दीत नव्हती. एका फोटोत शिधा ठेवलेल्या भांडाराच्या दारात निळा पदर होता, तेवढाच. हळदीच्या वेळी ती पोरीच्या मागे आली तेव्हा मी दोन-तीन फोटो नक्की काढले होते. तिथले फोटोंचे नंबर मध्येच तुटलेले होते. खराब म्हणून मीच पुसले होते.

मग व्हिडिओ लावला. अल्बमबरोबर दिलेल्या व्हिडिओतून तो तुकडा मी कापला होता, पण मूळ रेकॉर्डिंग डिस्कवर होतं. आई दारातून येते. पोरीच्या मागे उभी राहते. उजव्या हाताची बोटं तिनं आधीच हळदीत बुडवून आणलेली, घरातूनच. हात अर्धवट पुढे येतो. तेवढ्यात माझा आवाज. आई मान वर करून माझ्या दिशेला बघते आणि हसते. कुणाच्या वाटेत आपण आलो की माणूस ज्या प्रकारे हसतं, तसं. मग हात पदरात घेते आणि जाते.

चेहरा स्पष्ट होता. तेवढा एक क्षण थांबवून मी त्याचा फोटो केला, उजेड ठीक केला. आवाजाचं काय करायचं, हा प्रश्नच नव्हता. फोटोला आवाज नसतो. हे सुचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

सांगितल्या दिवशी ती आली. मी फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो जवळ धरला, लांब धरला. बराच वेळ पाहिला.

"हीच. अशीच हसायची." मग म्हणाली, "ताई, कुणाकडं बघून हसतीय ही?"

आता इथं मला काहीही सांगता आलं असतं. पावण्यांकडं म्हटलं असतं तरी तिनं मानलं असतं.

"माझ्याकडं," मी म्हणाले. "मी तिला बाजूला व्हायला सांगितलं तेव्हाचा आहे हा." आणि मग सगळंच सांगितलं. चुलतीनं सांगितलेली यादी, तिची नजर, माझं फ्रेम म्हणणं, पुसलेले फोटो. बोलताना मी तिच्याकडे पाहत नव्हते. ती फोटो टाकून निघून जाईल, निदान चार शब्द सुनावील, अशी माझी तयारी होती. सुनावले असते तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "माहीत हाये मला."

"काय?"

"तुमचा आवाज ऐकला व्हता मी. तिचं लुगडं माझ्या पाठीला लागत व्हतं, ती गेली ते कळलं मला. मी म्हणाय पायजे व्हतं, आई, थांब इथं. माझीच हळद व्हती ना? कुणाची हिंमत व्हती मला न्हाई म्हणायची? पण मी खाली मान घालून बसले. नवरीनं बोलायचं नसतं म्हणून."

बाहेर ट्रक चालले होते.

"व्हिडिओ दाखवा," ती म्हणाली.

दाखवला. स्वतःचा आवाज त्या लहान खोलीत ऐकणं फार वाईट होतं. तिनं पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ती आईकडे पाहतच नव्हती. पाटावर मान खाली घालून बसलेल्या स्वतःकडे पाहत होती.

"वर बघ की गं," ती पडद्याला हळूच म्हणाली.

मी व्हिडिओ थांबवला.