विमानवाल्यांचं गाऱ्हाणं

निरोगी मुलाला विमा मिळतो आणि आजारी मुलाला शुभेच्छा मिळतात, हे मला यंदा काजूच्या हंगामात कळलं. आमची दुर्वा नऊ वर्षांची. तिच्या हृदयाचा एक कप्पा जन्मापासूनच अपुरा आहे. दोन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, औषधं रोजची, पण पोरगी बोलण्यात माझ्यापेक्षा तिखट. तिचे बाबा आधी खाणीवर होते. खाणी बंद पडल्या तेव्हा मस्कतला एका गॅरेजात लागले. दोन वर्षं त्यांना घरी येता आलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपणच जायचं, असं दुर्वाने ठरवलं, आणि तिच्या डॉक्टरांनी तपासण्या करून जायला हरकत नाही असं लिहूनही दिलं. त्या दिवसापासून तिचं एकच, बाबांसाठी आपल्या पोदेराच्या, म्हणजे गावच्या पाववाल्याच्या, भट्टीतल्या पोई न्यायच्या, तिकडचा पाव म्हणे त्यांना गोड लागत नाही.

फक्त प्रवासाचा विमा राहिला होता. ह्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "विम्याशिवाय तिला आणू नको. इथे तिला काही झालं तर आपण घर विकूनसुद्धा पुरणार नाही." मला वाटलं, त्यात काय एवढं! आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. भाताच्या रोपणीचा चिखल पायावरून धुऊन बस पकडत बी.कॉम. झाले. कागद वाचायची मला भीती नाही. पण जिथे जिथे फोन केला तिथे मुलीचं वय सांगेपर्यंत आवाजात साखर, आणि हृदय हा शब्द आला की साखर विरघळलीच. एकीने तर "मॅडम, बेबी पूर्ण बरी झाली की मग ट्रिप प्लॅन करा ना" असा सल्ला दिला. मी म्हटलं, बाई, ती जन्माची आहे तशी आहे, तिने बापाला भेटायचंच नाही का? त्यावर तिने माझा दिवस शुभ जावो म्हणून फोन ठेवला.

डिचोलीच्या बाजारातला एजंट तर त्याहून शहाणा. "वहिनी, ऑपरेशनाचं लिहूच नका. कोण बघता?" मी विचारलं, "आणि तिकडे खरंच काही झालं तर?" तो टेबलावरचा धूळ बसलेला गणपती पुसत म्हणाला, "देव आसा मगे!" माझं डोकंच फिरलं. विमा विकणार हा, आणि जबाबदारी घेणार देव! मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घरी येताना बसमध्येही मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडतच होते. कारण राग आला तरी तो घेऊन जायचं कुठे, हे कुणी सांगत नव्हतं. दुर्वाने दारातच विचारलं, "काय गो, मी पास की नापास?"

सासूबाई सगळं बघत होत्या. रविवारी सकाळी म्हणाल्या, "सगळ्यांकडे उलयलंस, आता एकदा आवयकडेन उलय." उलय म्हणजे बोल, आणि आवय म्हणजे आई, आमची गावची देवी सातेरी. देवळात गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे आपलं संकट गुरवाने मोठ्या आवाजात देवीपुढे मांडायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. मला ती कधी पटली नव्हती. माझ्या मुलीचं काळीज हा काय चार गावांनी ऐकायचा विषय आहे? आणि देवी सर्वज्ञ असेल तर तिला ओरडून कशाला सांगायचं? पण त्या दिवशी नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. सासूबाईंनी नारळ घेतला, मी मुकाट्याने मागे गेले.

वयस्क गुरवकाका, कानाने जरा मंद. सासूबाईंनी त्यांना हलक्या आवाजात हकिगत सांगितली. त्यांनी नारळ पुढे ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला. "आई सातेरी माये! ह्या चेडवाक बापाशीकडे परदेशात जावचा आसा. काळीज नाजूक म्हणून विमानवाले तेका घेणत नाय. त्या विमानवाल्यांची बुद्धी फिरव!"

"व्हय म्हाराजा!" मंडप दुमदुमला.

विमा सांगितला आणि त्यांनी विमान ऐकलं! मी गप्प बसायला हवं होतं. गाऱ्हाण्याच्या मध्ये कुणी बोलत नाही. पण इतक्या दिवसांचा संताप एका चुकीच्या शब्दापाशी फुटला. "विमानवाले न्हय हो काका, विमावाले!" मी ओरडलेच. "विमान नेतंय तिला, डॉक्टर पाठवतायत, बाप वाट बघतोय. विमा कुणी देत नाही! खरं सांगितलं तर नाही म्हणतात आणि खोटं लिही म्हणून शिकवतात. ज्या लेकराला गरज आहे त्यालाच नाही, तर मग विमा हवाय कुणाला?" शेवटी शेवटी मी काकांकडे बघतच नव्हते. माझं बोलणं थेट आत, देवीकडेच चाललं होतं, आणि डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं ते कळलं नाही.

काका जराही गडबडले नाहीत. पुन्हा हात जोडून म्हणाले, "आई माये, विमानवाल्यांचो काय अपराध नाय. विमावाल्यांची बुद्धी फिरव!" लोक हसले, आणि हसता हसताच सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. ते हसणं मला लागलं नाही. उलट कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

बाहेर तुळशीपाशी एक बाई थांबल्या होत्या, हातात ओटीचं ताट. दोडामार्गाकडच्या, माहेरच्या देवीला आलेल्या. "तुमचं ऐकलं हां. सगळ्या मंडपानंच ऐकलं म्हणा," असं म्हणून हसल्या. त्यांच्या मुलाला लहानपणापासून इन्सुलिन लागतं आणि त्याला घेऊन त्या दोनदा आखातात जाऊन आल्या होत्या. "फोनवरच्या पोरीला नाही म्हणायलाच बसवलेली असते. तिला विचारूच नका. डॉक्टरांचं पत्र, सगळे रिपोर्ट सरळ कंपनीला पाठवा. लिहा, तुमच्या डॉक्टरनं आमच्या डॉक्टरशी बोलावं आणि मग काय ते कारणासकट लेखी कळवावं. आणि लपवू काहीच नका." त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. बेबी बरी झाल्यावर या म्हणणारी कंपनी तीच!

मी पाठवलं. त्यांच्या डॉक्टरांचा आमच्या डॉक्टरांना फोन आला, आणखी दोन रिपोर्ट मागितले, आणि विमा मिळाला. इतरांपेक्षा महाग, पण हृदयाचं नाव त्यात स्पष्ट लिहून, तिकडे अचानक काही झालं तर उपचारासकट. त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नंतर देवळात चौकशी केली, त्या कुणाच्या माहेरवाशीण ते कुणाला सांगता आलं नाही. मी त्याचा अर्थ लावत बसत नाही. नमस्कार मात्र रोज करते.

माझा राग गेलेला नाही, हेही सांगते. जो रस्ता होता तो आईला आधीच दाखवायला ह्या लोकांचं काय जात होतं? शरण जायचं म्हणजे तोंड मिटून सोसायचं, अशी माझी समजूत होती, म्हणून मी देवीपासून लांबच राहिले. गाऱ्हाणं ह्या शब्दात तक्रार आणि प्रार्थना दोन्ही आहेत, ते मला शिकूनही कळलं नव्हतं. माझा संताप मी तिच्यापुढे टाकला आणि तिने तो तसाच, न धुता, न निवडता घेतला. काकांनी विमा बरोबर ऐकला असता तर मी तोंडही उघडलं नसतं.

मोपाच्या विमानतळावर तपासणीच्या माणसाने दुर्वाची पिशवी उघडली. आत औषधं आणि पोईंचा ढीग. त्याने एकदा पोईंकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि हसून पुढे जा म्हणून हात केला. आजीकडून गाऱ्हाण्याची सगळी गोष्ट ऐकलेल्या दुर्वाने माझा पदर ओढला. "आई, विमानवाल्यांची पण बुद्धी फिरली गो!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.