बोरीचा पाला

हलीमाखाला आमच्या दारात आली की आई आधी पदर सारखा करायची आणि मग विचारायची, "कोण गेलं?" कारण खाला चहाला कधी यायची नाही, बोरीच्या पाल्याला यायची. शहागंजातल्या आमच्या परसात बोर होती, आणि मयताच्या आंघोळीच्या पाण्यात हा पाला उकळतात. मोहल्ल्यातल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायची ती खालानंच. पोलीस ॲक्शननंतर तिचे भाऊ पाकिस्तानात निघून गेले, तिलाही ओढत होते. "मैं नक्को बोली," ती सांगायची. "मी गेले तर हितल्या बायांना कोण न्हाऊ घालंल?"

आंघोळ आटोपली की बायका तिला खोदून विचारायच्या, अंगावर काय दिसलं, वळ होते का. खालाचं उत्तर ठरलेलं. "जो दिखा वो पानी के साथ गया." मेलेल्याचं काही उघडं पाडू नये, हा तिचा दीन, तिचा धर्म. फारच कुणी चिकटलं तर म्हणायची, "तेरी बारी में भी चुपच रहूंगी!"

मग जरीना गेली. नवऱ्याला सोडून आलेली, लग्नाबिग्नांत गाऊन एका मुलीला वाढवणारी. बड्या मंडळींनी ठरवलं, असल्या बाईच्या जनाज्याला कुणी जायचं नाही. वा रे न्याय! गाणं ऐकायला हीच मंडळी सगळ्यांत पुढं बसायची.

खालानं पाला नेला, जरीनाला न्हाऊ घातलं, कफन चढवलं आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "भाईसाब, खांदा द्या." वडिलांनी आणि बाजारातल्या हमालांनी जनाजा थेट मशिदीसमोर आणून ठेवला. जुम्म्याची नमाज नुकतीच सुटत होती. बायका अशा पुढं येत नसतात. खाला बुरखा तोंडावरून मागं सारून मधोमध उभी राहिली.

"ही कलमा पढत होती की नाय? अल्ला एक, मुहम्मद त्याचे रसूल, हेच म्हणत होती ना? मग बाकीचा हिशेब कयामतला अल्ला घेईल. तुम्हाला कुणी मुनीम नेमलं?"

"हलीमाबी, घर जाव," एक वडीलधारे गुरकावले.

"कुणीच जनाज्याची नमाज पढली नाय तर गुनाह सगळ्या मोहल्ल्याला लागतो, हे तुम्हीच शिकवलं. अन् ह्या नमाजात झुकायचंबी नसतं. नुसतं उभं राहायचं. तेवढंबी होत नाय?"

आधी नमाज पढवणारे पेशइमाम पुढं आले. मग मान खाली घालून एकेक जण रांगेत उभा राहिला. काही निघूनही गेले, पण जरीना नमाजानिशी मातीत गेली.

जरीनाची पोर शबाना खालानं घरी आणली, वाढवली, आपलं काम शिकवलं. "मला हीच न्हाऊ घालंल," असं ती सगळ्यांना बजावून ठेवायची.

एका सकाळी शबाना आमच्या दारात उभी राहिली. आई तोवर राहिली नव्हती. मी पदर सारखा केला, पण कोण गेलं हे विचारवेना.

"ताई, पाला," ती म्हणाली.

हात काट्यांनी ओरबाडले तरी मी फांद्यांवर फांद्या तोडल्या आणि तिच्याबरोबर गेले. खालाच्या उंबऱ्यावर एक मोठ्या घरची बाई आडवी उभी होती. "गानेवाली की बेटी हाथ लगाएगी खाला को?"

शबानानं डोळे पुसले. "कलमा पढ़ती हूँ मैं," ती म्हणाली. "हटो."

बाई हटली. मी शबानाच्या हातात पाला दिला आणि त्या बाईच्या तोंडावर दार ओढून घेतलं.