तायने सरकवलेला वाडगा

लाटंबार्सेहून आम्ही निघालो त्या सकाळी शेजारच्या पार्वतीवहिनीने आपल्या चुलीवर आम्हा सर्वांसाठी पेज केली होती. आमची चूल आदल्या दिवशीच सारवून बंद केली होती. टेम्पोचा ड्रायव्हर, माझा मुलगा गौरेश, वहिनीचे यजमान आणि मी, अशा चौघांनी पायरीवर बसून उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी खाल्ली. नंतर वहिनीने माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या तायला, खुर्चीवर बसवून भरवले. अर्धांगाचा झटका आल्यापासून तायची उजवी बाजू लुळी पडली आहे आणि वाचा गेली आहे. तरीही त्या दिवशी तिने वाडगाभर पेज संपवली. मग तिला उचलून ड्रायव्हरच्या शेजारी बसवले. टेम्पो वळणावर गेला तेव्हा वहिनी मागून ओरडली, "तिका उपाशी दवरू नकात रे!" मला त्या ओरडण्याचा किंचित राग आला. माझ्या घरात कोणी उपाशी राहील, ही शंकाच मला अनुचित वाटली.

लाटंबार्शातील मंडळींनो, आणि माझ्यासारखेच पोटामागे तुये, साखळी, पणजी किंवा त्याहूनही दूर गेलेल्यांनो, प्रस्तुत निवेदन तुम्हा दोघांनाही उद्देशून आहे. डिचोलीच्या कचेरीबाहेर मेज मांडून मी उभी हयात लोकांचे अर्ज लिहिले. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. परंतु माझ्या अर्जातील मुद्दा कोणत्याही साहेबाच्या नजरेतून सुटला नाही, हे तुम्ही जाणता. स्वतःच्या घराविषयी मात्र मी आज प्रथमच लिहीत आहे.

ताय लग्नानंतर थोड्याच काळात विधवा होऊन माहेरी परतली. आमची आई गेल्यावर मला तिनेच वाढवले. माझी पत्नी वारल्यावर गौरेशलाही तिनेच मोठे केले. गौरेश तुयेच्या औद्योगिक वसाहतीत मशीनवर आहे आणि सून सुविधा तेथेच एका कारखान्यात पॅकिंगला आहे. तायला एकट्याने सांभाळणे मला शक्य नव्हते, म्हणून आम्ही दोघे भावंडे त्यांच्या फ्लॅटवर आलो. गावी दारातून काजूची बाग दिसे. येथे जनेलातून, म्हणजे खिडकीतून, समोरच्या इमारतीचे जनेल दिसते. गावी धूर असे. येथे एक्झॉस्ट फॅन आहे.

आणि चुलीच्या जागी स्लो कुकर आहे. सुविधा सावंतवाडीकडची; तिच्या भावाने तो आखातातून आणला. आत जाड चिनी मातीचे भांडे, वर काचेचे झाकण. पहाटे ड्यूटीला जाण्यापूर्वी ती तळाशी गाजर-भोपळ्यासारखे कठीण जिन्नस रचते, वर डाळ आणि पाणी घालते आणि मंद आचेचे बटण दाबून निघून जाते. दुपारपर्यंत सूप आपोआप शिजते. मीठ आणि नारळाचा रस शेवटी घालणे हे काम माझ्याकडे असे. रस आधी घातला तर फाटतो. डॉक्टरांनी तायला गिळण्यास सोपे, मऊ दाटसर अन्न सांगितले होते, तेव्हा हे यंत्र देवानेच धाडले अशी आमची भावना झाली.

परंतु ताय ते सूप घेईना.

पहिल्या दिवशी मी वाडगा तिच्यासमोर ठेवला, कुलेर, म्हणजे चमचा, भरून तिच्या ओठांजवळ नेली. तिने तोंड मिटून घेतले. मग डाव्या हाताच्या पालथ्या बोटांनी वाडगा माझ्याकडे सरकवला. मी समजलो, चव रुचली नाही. दुसऱ्या दिवशी टोमॅटो, पुढे शेवगा, पुढे कुळीथ. प्रत्येक वेळी तेच मिटलेले तोंड, तोच परत आलेला वाडगा. सकाळचा चहा तेवढा ती घेई. पाववाला पोदेर हॉर्न वाजवीत येऊन गेला की आम्ही चौघे मेजावर बसत असू, आणि चहात भिजवलेला उंडो पाव ताय मुकाट्याने खाई. त्यावरून सुविधेने अनुमान काढले की तिला गोड हवे. तिने भोपळ्याच्या सुपात गूळ घातला. तोही वाडगा परत आला.

घरात मी एक दंडक घातला होता: आजाऱ्याच्या पोटात अन्न गेल्याशिवाय इतरांनी जेवायचे नाही. गौरेश आणि सुविधा दुपारी कॅन्टीनमध्ये जेवत, त्यामुळे दिवसा हा दंडक मला एकट्यालाच लागू होता. रात्री मात्र तो सर्वांवर बंधनकारक होता; वाडगा परत आला की ताय झोपल्यावरच आम्ही जेवत असू. मला साखरेचा आजार आहे. सुविधा चिडून म्हणे, "बाबा, तुमी तरी वेळेर जेवा. दोन-दोन आजारी माका झेपूचे नाय." मी ऐकले नाही. दुपारी तायपुढे बराच वेळ बसून, हरल्यावर मी स्वयंपाकघरात जाई आणि दाराआड उभ्यानेच चार घास खाई. ती उपाशी असताना तिच्या देखत जेवणे मला लाजिरवाणे वाटे.

तिच्या गळ्याची हाडे दिसू लागली. तपासणीत डॉक्टर म्हणाले, पुढच्या गुरुवारपर्यंत तोंडाने पुरेसे अन्न गेले नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. हे वाक्य ऐकताना तायने माझी बाही घट्ट पकडली. आमच्या वडिलांना शेवटी अशीच नळी होती आणि ती त्यांनी उपटू नये म्हणून त्यांचे हात धरून बसण्याचे काम तिच्याकडे आले होते. त्या दिवसांत तिने मला सांगितले होते, "दत्तू, माका असें करू नका रे." मी तिला शब्द दिला होता. गौरेशला ती गोष्ट ठाऊक होती, तरी तो म्हणाला, "बाबा, उपाशी मारपापरस नळी बरी." उपाशी मारण्यापेक्षा नळी बरी, हे त्याचेही खोटे नव्हते. त्या आठवड्यात आम्ही बापलेक एकमेकांशी कामापुरतेच बोललो.

बुधवारी पहाटे सुविधेने पुन्हा लाल भोपळा, आले आणि मूगडाळ रचली. पहिल्या दिवशी परत आलेला प्रकार तो हाच. "आज शेवटचा करून बघतंय," ती म्हणाली. "झाकण उगडू नकात हां, बाबा. उगडलास काय अर्दो तास फुकट." तिचे डोळे लाल होते.

ऐन सकाळी वीज गेली. कुकरचा दिवा विझला. मी त्याच्या शेजारी बसून भांड्याच्या कडेला तळहात लावून पाहत होतो. ऊब हळूहळू कमी होत होती आणि काचेखालचे बुडबुडे थांबले होते. पलीकडे ताय खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होती. वीज आली तेव्हा दुपार झाली होती, आणि सूप शिजेपर्यंत ऊन जनेलातून निघून गेले. सकाळच्या चहाखेरीज माझ्या पोटात काही नव्हते.

मी वाडगा तिच्यासमोर ठेवला. "ताय, आज घे. उद्या माझ्या हातात काही नाही," असे मी म्हणालो. तिने तोंड मिटले. पालथ्या बोटांनी वाडगा माझ्याकडे सरकवला. मी तो परत तिच्यापुढे केला. तिने पुन्हा सरकवला. यावेळी इतक्या जोराने, की सूप माझ्या मनगटावर सांडले.

तेवढ्यात माझे हात थरथरू लागले. कपाळावर घाम आला, डोळ्यांपुढे काळोख दाटला. साखर उतरली हे मला कळले. परंतु उठून स्वयंपाकघरात जाण्याचे बळ नव्हते. समोर तोच वाडगा होता. मी कुलेर उचलली आणि तिच्या वाट्याचे सूप स्वतःच्या तोंडात घातले. मग दुसरी, मग तिसरी. भोपळ्याचा गोडवा घशाखाली उतरला. मी मान वर केली तेव्हा ताय माझ्या तोंडाकडे पाहत होती. लहानपणी मी ताट संपवतो की नाही हे ती जसे पाही, अगदी तसेच. मी वाडगा संपवला. तिने डावा हात लांब करून रिकामा वाडगा स्वतःकडे ओढला, आणि तोंड उघडले.

मी भांड्याकडे कसा गेलो ते आठवत नाही. तिने सबंध वाडगा घेतला.

तिला भरवताना मला लाटंबार्शाचा उंबरठा दिसला. रोज पेजेच्या वेळी ताय तेथे उभी राहून डोंगराकडे तोंड करून हाक मारी, "पेजेक येयात रेऽ!" आम्ही खाली येऊन जेवायचो. मी तिला कधी सोबत बस म्हटले तर तिचे उत्तर ठरलेले असे: "तू पयलो जेव, मागीर मी बसतंय." घरातील माणसांची पोटे भरल्यावाचून तिने उभ्या जन्मात घास घेतला नव्हता. पार्वतीवहिनीच्या पायरीवर आम्ही आधी जेवलो होतो. सकाळचा चहा आम्ही सर्व तिच्यासमोर पीत होतो. फक्त सूप तेवढे आम्ही तिला आधी देत होतो.

संध्याकाळी सुविधा आली. तिने धुतलेला वाडगा पाहिला, सर्व वृत्तांत ऐकला आणि मटकन खाली बसली. "म्हणजे ती तुमची वाट बघी, आणि तुमी तिची? आणि मी हयसर भोपळ्यात गूळ घालतंय!" ती हसत होती की रडत होती, ते सांगता येत नव्हते. गौरेश दारातच उभा राहून म्हणाला, "बाबा, लोकांचे अर्ज बरयतात. तायचो अर्ज मेजार पडून आसलो, तो वाचूंक जालो ना?" एरवी असे बोलणे मी खपवून घेतले नसते. त्या दिवशी मी त्याला हात धुऊन जेवायला बसण्यास सांगितले. तायसमोर.

गुरुवारी डॉक्टर म्हणाले, तूर्त नळी नको. 'तूर्त' हा शब्द मी जन्मभर अर्जांत वापरला. त्याचे वजन मला त्या दिवशी कळले. ती अद्याप अशक्त आहे. प्रत्येक तपासणीच्या आधी मी तिच्या मनगटाची जाडी बोटांनी पाहतो.

अर्ज लिहिताना मी लोकांना विचारीत असे: कायमचा पत्ता कोणता, सध्याचा कोणता? स्वतःच्या कागदांवर मी अजूनही कायमचा म्हणून लाटंबार्सेच लिहितो, आणि त्या घराची चावी माझ्याच खिशात आहे. परंतु तेथे आता कोणी कोणासाठी थांबलेले नाही. येथे दुसऱ्या मजल्यावर, दुपारी काचेचे झाकण निघते तेव्हा एक बाई वाडगा माझ्याकडे सरकवते. भूक असो वा नसो, मी खातो. सूप अळणी झाले तरी मी तोंड वाकडे करीत नाही. ती पाहत असते.

आता मुख्य विनंती. मागे आपल्या वाड्यावरचे एक गृहस्थ मोपाच्या विमानतळावर मुलाला सोडून परत जाताना आमच्याकडे डोकावले. जेवणाची वेळ होती. संकोचाने ते "नको, जेवूनच आलो" म्हणाले आणि बराच वेळ बोलत बसले. ते जिना उतरेपर्यंत तायने तोंड उघडले नाही. सूप पार निवून गेले.

तरी तुमच्यापैकी जो कोणी या वाटेने येईल, त्याने दुपारी अवश्य यावे. वाडगा तुमच्यापुढे येईल. कृपया नको म्हणू नका. भूक नसली तरी दोन कुलेरी घ्या, आणि तिला दिसतील अशा घ्या.