चार मात्रा

समोरच्या हॉलमध्ये उन्हाळ्याच्या स्वागताच्या समूहगीताची तालीम सुरू झाली. दर चैत्रात आमच्या कॉलनीतली मंडळी ते गातात आणि मग सगळ्यांना पन्हं मिळतं. यंदा मी गेलो नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी कैरी किसत ऐकत बसलो.

माझा आवाज खालचा. समूहात खालच्या आवाजानं वरच्यांना नुसता आधार द्यायचा असतो. तीच ओळ एकट्यानं म्हटली, तर ते गाणं आहे हेसुद्धा कुणाला कळत नाही. माझी बायको सुमन होती तोवर मला हे कधी जाणवलंच नाही. मी घरी सराव करायचो, तेव्हा पोळ्या लाटता लाटता वरची ओळ ती म्हणायची.

तालीम संपली, तरी मी गुणगुणतच राहिलो. पोळ्या करायला येणाऱ्या शांताबाई हसल्या. “काका, हे कसलं हो गाणं? आणि सारखं मध्येच थांबता का?”

“तिथं खालचा आवाज थांबतो. त्या चार मात्रा हिच्या आहेत,” मी म्हणालो.

शांताबाईंनी पुढची पोळी लाटायला घेतली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि त्या जागी येऊन थांबलो. चार मात्रा नुसतं लाटणं ऐकू आलं.