न खणलेले बारा खड्डे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर आता ऐकायला उरली नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. ऐका, एवढंच.

मी सांगलीचा. पंजाबात रोज माणसं मरत होती त्या वर्षांत मी चंदीगडला वीज-खात्यात इंजिनियर होतो. एका मोठ्या दवाखान्याशेजारच्या बाजारातल्या वरच्या तारा काढून जमिनीखालून केबल न्यायची, त्याचा आराखडा माझ्याकडे आला. पहिलंच मोठं काम! छाती फुगवून हिंडत होतो.

नियम साधा होता. कागदावर रेघ ओढण्याआधी दर पन्नास पावलांवर चाचणी खड्डा घ्यायचा. खाली पाण्याचा नळ आहे, टेलिफोनची तार आहे, काय आहे ते डोळ्यांनी बघायचं, आणि मग सही. असे बारा खड्डे होते.

मी एकही घेतला नाही.

घाबरलो होतो – दुसरं काय! बेवारस ट्रान्झिस्टर दिसला तरी बॉम्ब समजून बाजार रिकामा व्हायचा ते दिवस. प्रत्येक खड्ड्याला पोलिसांची परवानगी, बंदूकवाला शिपाई, आणि कुदळ खाली कशावर आपटेल याचा नेम नाही. वरून साहेबांची घाई. मग मी करनैलसिंगांना गाठलं.

करनैलसिंग आमचे लाइनमन. आता अहो-जाहो करतोय. तेव्हा वयानं वीस वर्षांनी मोठ्या माणसाला खुशाल 'ए करनैल' म्हणायचो. चंदीगडचे सेक्टर म्हणजे नुसत्या आखणीच्या खुंट्या होत्या, तेव्हापासून ते ही जमीन खणत आलेले. चालता चालता थांबायचे, टाचेनं माती दाबायचे आणि सांगायचे, इथे नळ आहे, कमरेइतका खोल. मी कॉलेजात शिकलेला माणूस, पण खरं सांगतो, त्यांच्यासमोर थक्क व्हायचो. एवढं सगळं एका डोक्यात मावतं कसं?

त्यांनी मला अख्ख्या बाजाराचा नकाशा काढून दिला, सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर, पेन्सिलनं. हलवायाचं दुकान, शिंपी, शिसवीचं झाड – आणि त्यांच्या मधून नळ, गटार, तारा. अक्षर गुरुमुखी. मी त्यांना समोर बसवून ते एकेक वाचून घेतलं, माझ्या आराखड्यावर उतरवलं आणि खाली लिहिलं, 'बारा चाचणी खड्डे स्वतः घेऊन खात्री केली.' सही ठोकली.

आणि मग – इथेच माझी जीभ अडते – तो कागद मी त्यांना परत दिला. माझ्या फाइलीत सापडला असता, तर खड्डे कुठायत असं कुणी विचारलं असतं ना! त्यांनी घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. इतकं जपून काढलेलं फेकवेना त्यांना.

बैसाखीच्या सुमाराला, एप्रिलात, नाक्यावर करनैलसिंगांची झडती झाली. सरदार, खिशात गुरुमुखीतला नकाशा, त्यात दवाखान्याकडे जाणारी वीज. अतिरेकी ठरवायला आणखी काय लागतं?

करनैलसिंगांनी सांगितलं, इंजिनियर साहेबांनी काढायला लावला. खरं तेच सांगितलं. म्हणून मला ठाण्यात बोलावलं. ते भिंतीशी बाकावर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, अगदी उजळला हो! आता सुटलो असं वाटलं असणार त्यांना. अधिकाऱ्यानं कागद पुढे केला. "ये नक्शा आपने बनवाया?"

"जी नहीं."

झालं. एवढंच. हो म्हटलं असतं, तर खड्ड्यांचं खोटं उघडं पडलं असतं, नोकरी गेली असती. करनैलसिंगांनी काही आरडाओरडा केला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लाज वाटायला हवी होती मला, आणि ती वाटली त्यांना.

ते किती दिवस आत होते, मी मोजले नाहीत. मोजायची हिंमत नव्हती. सुटले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. खांबावर चढायचं काम गेलं, भांडारात बसवलं.

पावसाळा सरल्यावर बाजारात चर खणायला घेतला. मी आराखडा धरून काठावर उभा. हलवायासमोर कुदळ थांबली. नळ. कमरेइतका खोल. शिंप्यापाशी टेलिफोनची तार, सांगितली होती तिथेच. शिसवीच्या मुळाला वळसा घालून गेलेलं गटार – तेही! अहो, अंगावर काटा आला माझ्या. पावलापावलाला जमीन उघडत होती आणि त्या माणसाची साक्ष देत होती. मातीनं दिली ती. मी दिली नव्हती. माझ्या वरच्या साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली, "मान गए यार, एक इंच का फरक नहीं!" केबलचा ड्रम घेऊन भांडाराचा ट्रक आला होता आणि करनैलसिंग त्याच्या मागे उभे होते. त्यांनी ऐकलं. मग वाकून चरात बघितलं, खूप वेळ. आपली ओळखीची माणसं आहेत का बघावं, तसं.

माझी बायको सुमन. तिला सख्खा भाऊ नव्हता. चंदीगडला आलो त्या पहिल्याच दिवाळीत तिनं करनैलसिंगांना भाऊबीजेला बोलावलं होतं, आणि मग दर वर्षी. ती त्यांना वीरजी, म्हणजे दादा, म्हणायची. पगडी डोक्यावर असतेच, ओवाळताना टोपी शोधायला नको, म्हणून हसायची. त्या वर्षीही तिनं निरोप धाडला. ते येऊ नयेत म्हणून मी देवाला हात जोडले – खोटं कशाला बोलू?

ते आले. गावाकडचे मुळे घेऊन आले, पाटावर बसले. सुमननं कुंकू लावलं, ओवाळलं. मग लटक्या रागानं हिंदीत विचारलं, बैसाखीपासून होतात कुठे, बहिणीला विसरलात?

"पिंड सी, भैणजी. कणक वड्ढणी सी." गावी होतो, गहू कापायचा होता.

माझ्याच घरात, माझ्यासाठी, त्या माणसानं खोटं सांगितलं. एवढं मोठं काळीज माणसाला असतं? मी ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतो, असतं. आणि तेव्हा बोलायला मला कुणीच अडवलेलं नव्हतं.

करंजी उचलताना ती हातातून निसटली. सुमनला बोटं दिसली. हे काय झालं, म्हणाली. ते म्हणाले, पडलो खांबावरून.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. निरांजनाचं ताट तसंच हातात धरून ती माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही त्यांचे साहेब ना? मग जरा लक्ष ठेवत जा की माझ्या भावाकडे!"

करनैलसिंग खाली फराळाच्या ताटाकडे बघत होते.

मी म्हणालो, "हो."