माझ्या नावावरच्या दोन बाटल्या

मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर कोणी ऐकून घेत नाही असा माझा अनुभव आहे. अ‍ॅपवाल्या टॅक्सी कंपनीच्या बाईनेही ऐकून नाही घेतलं. फोनवर गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या पार्श्वभूमी तपासणीत दारूबंदीचा एक गुन्हा आढळला आहे. ड्रायव्हर म्हणून तुमचा अर्ज मंजूर होऊ शकत नाही." मी म्हटलं, "मॅडम, तो गुन्हा माझा नाही." ती म्हणाली, "तसं काही लेखी असेल तर पंधरा दिवसांत अपलोड करा." आणि फोन ठेवला.

देवळीत मी बावीस वर्षं टॅक्सी चालवतो आहे. सेवाग्रामला दवाखान्यात पेशंट न्यायचा असला की लोक माझंच दार वाजवायचे. नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसाला मागच्या सीटवर कसं टेकवून बसवायचं, कोणत्या गतिरोधकाला गाडी पार थांबवून मग उचलायची, हे मला पाठ आहे. पण आता पेशंटच्या घरात कोणी तरी मोबाइलवर बोट टेकवतं आणि वर्ध्याहून अ‍ॅपवाली गाडी येऊन उभी राहते. माझी गाडी आठ-आठ दिवस दारातून हलेना. अ‍ॅपमध्ये नाव लागलं तर ड्रायव्हर, नाही तर गाडी विकून एखाद्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसा, इतकं ते सरळ होतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरं येतं तरी काय?

म्हणून अर्ज भरला. लायसन, बॅज, इन्शुरन्स, फिटनेस, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. सेतू केंद्रातल्या मुलीने एकेक कागद मशीनवर पालथा घातला. मग आलं 'ड्रायव्हिंग रेकॉर्ड'. मागच्या काही वर्षांत अपघात किती, चालान किती. अपघात एकही नाही. मी तिला विचारलं, "बावीस वर्षांत माझ्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही, याचा दाखला कुठे जोडायचा?" तिने सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, त्याच्यासाठी जागाच नाही. घ्या. वाईट लिहायला पानभर जागा, आणि चांगल्याला रकानाच नाही. मग शेवटचा प्रश्न, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? होय, किंवा नाही. मी होय म्हटलं. खोटं बोललो असतो तरी ते दाखल्यात निघणारच होतं.

तो गुन्हा असा. चौदा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या काकाजींच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव यवतमाळकडचा. त्याच्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्या घरचा जावई, बसने येणार नाही म्हणून अडून बसला. त्याला आणायला खास गाडी पाहिजे. जावई तो, आणि तोही वरपक्षाचा, म्हणजे त्याच्या नाकावरची माशी हाकलायलाही दोन माणसं लागणार. काकाजी स्वतः माझ्या शेजारी बसून त्याला घ्यायला आले.

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. यवतमाळात दुकानात उघड मिळणारी बाटली नदीचा पूल ओलांडून अलीकडे आली की गुन्हा होते. पुलाच्या अलीकडेच सकाळी दहा वाजता नाकाबंदी होती. शिपायाने डिकी उघडली आणि जावयाच्या शेरवानीच्या पिशवीतून दोन बाटल्या निघाल्या. जावई खिडकीतून उसाचं शेत बघत बसला. इतका मन लावून ऊस बघणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

काकाजी माझ्या कानाशी आले. "म्हणून टाक ना बाप्पा, बाटल्या माह्या आहे म्हणून. जवाई चौकीत गेला त पोरीचं लगन मोडन."

मी म्हटलं, "काकाजी, मी काऊन म्हणू? मी घेत नाई, तुमाले माहीत आहे."

"अबे, तुले कोण इचारते? ड्रायव्हरलोकं त पेतातच. कोणाले नवल वाटन?"

हे वाक्य मला आजही झोंबतं. पण तेव्हा त्यांनी हात जोडले होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झाली होती. मी शिपायाला सांगितलं, माझ्या आहेत. पाहुण्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. अक्षता पडल्या तेव्हा मी ठाण्याच्या बाकावर बसलो होतो. पुढे कोर्टात वकील म्हणाला, 'कबूल' म्हण आणि मोकळा हो, नाही तर तारखा खात बस. मी कबूल म्हटलं. मोकळा कसला होतो. काकाजींनी आठ दिवस एकट्यात गाठून तारीफ केली, 'माणूस असावा त असा'. मी फुगलोही, खोटं कशाला सांगू. ते तीन अक्षरी कबूल कुठल्या तरी संगणकात जाऊन बसलं आहे, हे त्या वेळी मला कोण सांगणार?

कंपनीच्या फोननंतर चौथ्या दिवशी काकाजींकडे गेलो. मुलगी माहेरी आलेली होती. तिने ओळखून "दादा, या ना" म्हणत खुर्ची दिली, चहा ठेवला. काकाजी आता थकले आहेत. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. तुम्ही एक कागद द्या, जावयाने एक द्यावा, बाटल्या कोणाच्या होत्या एवढंच लिहायचं, बाकी मी बघतो.

काकाजी चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "जुनं काऊन उकरून राह्यला तू? पोरीले त काही मालूमबी नाई."

मुलगी हसली. मनापासून, काहीच वावगं नसल्यासारखी. "मले कसं नाई मालूम, बाबा? आमच्या सासरचे जवाई दर लग्नात तो किस्सा सांगतात. शिपाई कसा बाटली हुंगत होता, दादा कसे 'माह्या आहे जी' म्हणाले, सारं करून दाखवतात. आमी पोट धरून हसतो."

माझ्या अंगाची आग झाली. मला वाटत होतं, ही गोष्ट तिघांच्या पोटात आहे, गुपित म्हणून मी ती बायकोलाही कधी नीट सांगितली नव्हती. आणि तिकडे चौदा वर्षं, मांडवा-मांडवात, जिलबीच्या पंगतीत, माझी नक्कल चालली होती. सगळ्या खानदानाला ठाऊक होतं की मी पीत नाही. फक्त ज्यांना ठाऊक असायला पाहिजे त्या कोर्ट-पोलिसांना कोणी सांगितलं नव्हतं.

मी आवाज चढू न देता म्हटलं, "ताई, मंग तोच किस्सा त्यायले कागदावर लिहून द्याले सांग. पाच ओळी. जसा सांगतात तसाच."

तिचं हसू थांबलं. तिने बापाकडे पाहिलं. काकाजींनी कप खाली ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तसं मला म्हणाले, "किस्सा अलग रायते अन कागद अलग रायते, बाप्पा. त्यायची सरकारी नोकरी आहे."

ज्याच्या एका शब्दावर मी माझा कागद काळा करून घेतला, तो माणूस मला हे शिकवत होता.